दुसरी किल्ली

मैनेला स्वतःचा आवाज ऐकवत नसे. हे कळलं की लोक हसत, कारण तिचं पोट त्याच आवाजावर चाललं होतं. ती पुस्तकं वाचायची. म्हणजे मोठ्याने, माइकसमोर, ज्यांना वाचायला वेळ नाही किंवा डोळे नाहीत अशांसाठी. घरातल्या सगळ्यात लहान खोलीत एक जुनं कपाट होतं. त्याचे कप्पे काढून, आतून जाड रजया ठोकून तिने त्यात स्टूल आणि माइक बसवला होता. कपाटाचं दार लावून घेतलं की बाहेर जग बुडालं तरी तिला पत्ता लागत नसे. आत शिरण्याआधी ती हिरवं सफरचंद खायची, म्हणजे तोंडात चिकटा राहत नाही आणि शब्दाशब्दामागे चुटुक चुटुक होत नाही. उपाशीपोटी बसायची नाही, कारण माइकला माणसाच्या शब्दांआधी त्याच्या पोटातली गुरगुर ऐकू येते.

मैना हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी तिची बडबड थांबायची नाही म्हणून अण्णांनी, तिच्या वडिलांनी, ते ठेवलं. अण्णांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं. जन्मभर कुलपं दुरुस्त केली, पण पोरीच्या तोंडाला बसेल असं एकही सापडलं नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आता त्या बडबडीचे पैसे मिळत होते, त्यामुळे अण्णांना आपला शब्द गिळावा लागला होता.

मैनेसारख्या वाचकांना ध्वनिपुस्तकांची कंपनी एक खातं फुकट द्यायची. त्यावर कंपनीची सगळी पुस्तकं हवी तितकी ऐकता येत. अट एकच होती आणि करारात ती ठळक अक्षरांत छापलेली होती: खातं स्वतःसाठी आणि घरातल्यांसाठी, घराबाहेर कुणाला द्यायचं नाही. मैनेला आपलाच आवाज ऐकायची हौस नव्हती, म्हणून तिने ते खातं अण्णांच्या फोनवर चालू करून दिलं. अण्णांची नजर जवळजवळ गेली होती. समोर उजेड आहे की माणूस, एवढंच त्यांना कळायचं. त्यांचा फोन बोलून दाखवणारा होता. बोट टेकवलं की काय ते सांगायचा, आणि पुस्तक जिथे थांबलं असेल तिथून पुढे सुरू व्हायचं. जेवण झालं की अण्णा खिडकीशी खुर्ची ओढत आणि लेकीच्या तोंडून परक्यांच्या गोष्टी ऐकत बसत.

सगळं कसं सुरळीत चाललं होतं आणि एका सकाळी कंपनीचा निरोप आला. आपलं खातं दोन वेगवेगळ्या ठिकाणी वापरलं जात आहे. पैकी एक आपलं घर. दुसरं ठिकाण रोज बदलतं. आठवड्याच्या आत खुलासा करावा. तोवर कादंबरीच्या तिसऱ्या भागाचं वाचन थांबवण्यात येत आहे.

शेवटचं वाक्य मैनेने पुन्हा पुन्हा वाचलं. ही नावाड्याची कादंबरी म्हणजे तिचा जीव होता. एका नदीवर पिढ्यान्‌पिढ्या होडी चालवणाऱ्या कुटुंबाची तीन भागांतली गोष्ट. पहिले दोन भाग तिने वाचले होते. म्हाताऱ्या नावाड्याचा आवाज तिने महिनाभर घोटून घोटून बसवला होता; थोडा खरखरीत, थोडा हट्टी. तिसरा भाग लेखकाने नुकताच संपवला होता आणि तो दुसऱ्या कुणाच्या तोंडी जाणं तिला सोसलं नसतं.

त्यात आणखी एक गोची होती. काही दिवसांपूर्वीच वाचकांच्या सभेत याच विषयावर ती उभी राहून तावातावाने बोलली होती. वाचकांना पैसे मिळतात ते किती खात्यांवर पुस्तक ऐकलं गेलं त्यावरून. एका खात्यावर पाच जण ऐकत असतील तर मोजला जातो एकच. "आपण ज्याला फुकट म्हणतो ना, तो आवाज फुकट नसतो," ती म्हणाली होती. "कुणाच्या तरी घशातून आलेला असतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी मित्राच्या, मेहुण्याच्या, शेजाऱ्याच्या पासवर्डवर सिनेमे बघत बघत त्या टाळ्या वाजवल्या असतील, पण ते सोडून देऊ.

तिने आधी फोन केला तो ध्वनिवाल्याला. तिची वाचनं साफसूफ करून देणारा, श्वास, खोकले आणि बाहेरचे हॉर्न काढून टाकणारा हा मित्र. जगात काहीही कापून काढता येतं यावर त्याचा विश्वास होता.

"त्यात काय एवढं," तो म्हणाला. "पासवर्ड चोरीला गेला म्हणून लिही. सगळे तेच लिहितात. कंपनीलाही तेच हवं असतं, त्यांचीही कटकट वाचते. दोन ओळींचं काम."

"आणि खरंच कुणी चोरला असेल तर?"

"मग तर तुझं सगळंच खरं होईल."

मैनेला हायसं वाटलं. चोर असेलच कुणीतरी, रोज गाव बदलणारा. मग एकदम तिच्या डोक्यात काहीतरी हललं. रोज गाव बदलणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता.

अण्णा खिडकीशी बसले होते. मांडीवर जुन्या कुलपांचा डबा. दुकान बंद झालं तरी कुलपं त्यांनी सोडली नव्हती. हाताने चाचपत ते एकेक उघडायचे, साफ करायचे, परत जुळवायचे. नजरेपेक्षा त्यांच्या बोटांनाच जास्त दिसायचं.

"अण्णा, माझ्या खात्याचा पासवर्ड तुम्ही कुणाला दिलात?"

अण्णांचा हात थांबला नाही. कुलपातली स्प्रिंग त्यांनी अंगठ्याने दाबून बसवली, मग म्हणाले, "सुनेला."

म्हणजे वहिनीला. म्हणजे दादाला.

दादा ट्रक चालवत होता. या घरात त्याने कित्येक वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं, आणि त्याचं कारण एक किल्ली होती. दुकानात अण्णांचा एक कडक नियम होता. कुणी दुसरी किल्ली करायला आलं की ते आधी विचारायचे, "कुलूप कुणाचं?" उत्तर पटलं नाही तर वाटेल तेवढे पैसे पुढे केले तरी किल्ली घासायचे नाहीत. गिऱ्हाइकं वैतागत, शेजारचे दुकानदार हसत. पण आख्खी वस्ती निर्धास्त झोपायची ती त्या म्हाताऱ्याच्या खडूसपणावर. एकदा अण्णा आजारी होते आणि गल्ल्यावर दादा होता. एक जण आला, घाईत होता, बोलायला गोड होता. माझंच घर आहे म्हणाला. दादाने किल्ली करून दिली. घर त्याचं नव्हतं. त्याला सोडून वेगळी राहणाऱ्या त्याच्या बायकोचं होतं. त्याने काही चोरलं नाही, हातही उगारला नाही. ती कामावरून परत आली तेव्हा तो आत, तिच्या खुर्चीवर, नुसता बसलेला होता. दुसऱ्या दिवशी ती दुकानासमोर येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. नवीन कुलूप घेतलं, पैसे ठेवले आणि गेली.

त्या दिवशी अण्णा दादाला जे बोलले ते मैनेने दाराआडून ऐकलं होतं. "चोराला दार उघडून देणारा चोरच. या दुकानात आणि या घरात तुझं काही काम नाही." दादाही त्यांचाच मुलगा. चपला घालून निघून गेला. वहिनी मात्र सणावारी, दुखण्याखुपण्याला येत राहिली, दोन्ही बाजूंचे निरोप कुणालाही न दुखवता इकडून तिकडे नेत राहिली.

आणि आता हेच अण्णा सांगत होते की पासवर्ड मी दिला.

"तुम्ही विचारलंत का, कुलूप कुणाचं?" मैना म्हणाली. तिला थांबता आलं नाही.

अण्णांनी कुलूप डब्यात ठेवलं. "नाही विचारलं."

"का?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

ती नाही म्हणाली असतीच. तेवढं त्यांना माहीत होतं, म्हणून तिला अजूनच राग आला. "अण्णा, मी सभेत उभी राहून बोलले या विषयावर. आता लोक माझ्या तोंडावर हसतील. आणि तिसरा भाग हातचा जाईल तो वेगळाच. एवढं काय अडलं होतं? दादाला स्वतःचं खातं घेता येत नाही का? ट्रकचा मालक आहे तो आता."

"त्याने मागितलं नाही. मीच सुनेला म्हटलं, लांबच्या फेऱ्यांत त्याच्या डोळ्यावर झापड येत असेल, काहीतरी ऐकत जा म्हणावं. माझ्याकडून आहे असं सांगू नको म्हटलं. तिने सांगितलं असणारच."

"कंपनीने ठरवून दिलंय, फक्त घरातल्यांसाठी."

"तो घरातला आहे की नाही हे आता कंपनी ठरवणार?"

"तुम्हीच ठरवलंत अण्णा," मैना म्हणाली. "कंपनी तुमचंच म्हणणं सांगतेय."

बोलून झालं आणि तिला वाटलं, हे कपाटात असतं तर पुसून परत वाचलं असतं. अण्णा खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बसले. त्यांचे हात रिकामे होते, आणि तसे ते तिने फार क्वचित पाहिले होते.

मग ते बोलले ते भलतंच. "तुझं पुस्तक मला अर्धंच माहीत आहे."

"म्हणजे?"

"मी दुपारी ऐकतो. तो रस्त्यात ऐकतो. कुठवर ऐकलं त्याची खूण दोघांची एकच. त्याने ऐकलं की ती पुढे सरकते. मी बोट टेकवलं की तिथून पुढे सुरू होतं. पहिल्या दिवशी मी गोंधळलो. काल होडीत बसलेली माणसं आज बाजारात. मग कळलं. मधलं त्याने ऐकलंय."

"मग मागे न्यायचं की. मी शिकवलं होतं ना तुम्हाला."

"मी मागे नेलं तर त्याचीही जागा हलणार. तो गाडी चालवणार की फोनवर पान शोधत बसणार?" अण्णांनी डब्याचं झाकण उगाच उघडून लावलं. "आणि खूण पुढे गेलेली असली की कळायचं, आज तो निघालाय. पुष्कळ पुढे गेली तर लांबचा फेरा. कधीकधी मी लावायला जायचो आणि फोन म्हणायचा, दुसरीकडे ऐकणं चालू आहे. मग मी खाली ठेवून द्यायचो. तो जागा आहे एवढं कळलं की पुरे. मधे एकदा दोन दिवस खूण मी सोडली तिथेच होती. मी सुनेला फोन केला. ताप आला होता त्याला."

मैना त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसली. कंपनीच्या करारात घर या शब्दाचा अर्थ दिलेला होता: एका छपराखाली राहणारी माणसं. त्या व्याख्येत काही चूक नव्हती. ज्याने कुणी ती लिहिली होती त्याला वाचकांच्या पोटापाण्याची काळजी होती, आणि ती स्वतः त्या बाजूची होती. अजूनही होती. आपल्या बापाने केलं ते चूकच होतं, हे तिला स्पष्ट दिसत होतं. फक्त आता त्या चुकीकडे बोट दाखवावंसं वाटत नव्हतं.

दुपारी तिने दादाला फोन केला. तो कुठेतरी माल उतरवत होता. मागे लाकडी खोकी आपटल्याचे आवाज येत होते. तिने सगळं सांगितलं.

"मला काय माहीत तुझ्या कंपनीचे कायदे," तो म्हणाला. "बंद करून टाक. आजच काढतो फोनमधून."

"दादा, तुला पुस्तक तुटक तुटक ऐकू यायचं ना? मधली प्रकरणं गायब?"

"हो. मला वाटलं लेखकानेच तसं लिहिलंय. आजकाल लिहितात ना, कशाचा कशाला पत्ता नाही."

"मग मागे का नाही नेलंस?"

"मागे न्यायचं बटण सापडलं नाही," दादा म्हणाला. हा माणूस ट्रकचं इंजिन उघडून परत जोडायचा, आणि घरातला पहिला मोबाइल सगळ्यांना त्यानेच शिकवला होता. पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली.

संध्याकाळी ती खुलासा लिहायला बसली. पासवर्ड चोरीला गेला, एवढं लिहायचं होतं. तिने लिहिलंही. दोन ओळी, ध्वनिवाल्याने सांगितल्या तशा. माझ्या नकळत कुणीतरी वापर केला. आणि पाठवायच्या आधी, सवयीने, तिने त्या मोठ्याने वाचल्या. तिला प्रत्येक मजकूर मोठ्याने वाचायची खोड होती, वाणसामानाची यादीसुद्धा. पासवर्ड चोरीला गेला आहे. तिच्याच तोंडून ते बाहेर पडलं आणि तिला दाराआडून ऐकलेलं ते जुनं वाक्य आठवलं.

चोरी झाली म्हटलं की चोर आला. आणि या घरात त्या जागेवर आधीच एक माणूस बसवून ठेवलेला होता. कंपनीला त्याचं नाव कळणार नव्हतं, त्याचं काही वाकडं होणार नव्हतं, त्याला स्वतःला कधी पत्ताही लागला नसता. पण लिहिलं असतं ते त्याच्याबद्दलच, आणि लिहिणारी ती.

तिने दोन्ही ओळी पुसल्या. नवीन लिहिलं. खातं माझे वडील आणि माझा भाऊ वापरत होते. भाऊ आमच्या घरी राहत नाही. वडिलांनी त्याला पासवर्ड दिला हे मला ठाऊक नव्हतं, पण खातं माझं, तेव्हा जबाबदारी माझी. चोरी झालेली नाही. आजपासून हे बंद केलं आहे. ते मोठ्याने वाचलं तेव्हा दारात अण्णा उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. चौकट चाचपत ते परत फिरले आणि खुर्चीत जाऊन बसले.

कंपनीचं उत्तर सभ्य होतं. प्रामाणिक खुलाशाबद्दल आभार. नियमानुसार फुकट खातं रद्द. तिसरा भाग दुसऱ्या वाचकाकडे सोपवण्यात आला आहे. पुढील कामासाठी आपला विचार जरूर केला जाईल. मैना कपाटात जाऊन बसली, दार लावून घेतलं आणि पोटभर रडली. त्या कपाटाचा तेवढा एक फायदा होता. बाहेर येऊन तिने तोंड धुतलं आणि दोन खाती विकत घेतली, रीतसर, एक अण्णांच्या नावाने आणि एक दादाच्या. ध्वनिवाला म्हणाला, तुझं डोकं ठिकाणावर नाही, ज्यांनी काम काढून घेतलं त्यांनाच पैसे देतेस. ती म्हणाली, पैसे वाचणारीला जातात, आणि ती मी नसले म्हणून काय झालं.

वहिनीला तिने फोनवर सगळं सांगितलं, काय लिहिलं तेही. वहिनीचा स्वभाव माहीत असल्यामुळे ते कुठवर पोचेल याची तिला कल्पना होती. पण नंतर काहीच घडलं नाही. अण्णांना आता सगळी प्रकरणं सलग ऐकता आली असती. ते बोट टेकवत, थोडं ऐकत, आणि बंद करत. खूण रोज त्यांनी ठेवलेली असे तिथेच सापडत होती. तेच त्यांना सोसवत नव्हतं. पुस्तक कसं आहे विचारलं तर म्हणत, चांगलं आहे, आवाज चांगला आहे.

मग एका सुट्टीच्या दिवशी, जेवणं झाल्यावर, मैनेचा फोन वाजला. दादा होता. मागे खोकी नव्हती, रस्ता नव्हता. घरात बसून केलेला फोन होता तो.

"तू चोरी नाही लिहिलंस म्हणे," तो म्हणाला.

"नाही झाली तर कशी लिहू?"

तो घसा साफ करून म्हणाला, "तो म्हातारा नावाडी. पुरात होडी उलटते आणि तो पाण्याखाली जातो, तिथवर ऐकलंय मी. पुढे तो माझ्या वाट्याला आलाच नाही. मेला ना तो?"

"तुझ्या फोनवर आहे की आता सगळं पुस्तक. लाव आणि ऐक."

"आहे," दादा म्हणाला. "लावलं नाही." आणि मग, "अण्णांना माहीत असेल ना? तो भाग त्यांनी ऐकला असेल."

मैना खिडकीशी गेली आणि फोन अण्णांच्या हातात ठेवला. "दादा आहे. नावाड्याचं विचारतोय."

अण्णांनी फोन कानाला लावला. दोघंही हट्टी, आणि मैनेला वाटलं, आता यातला एक जण फोन ठेवणार. अण्णांच्या मांडीवरचं कुलूप घसरलं, ते त्यांनी एका हाताने पकडलं.

"कुठवर ऐकलंस?" ते म्हणाले.

पलीकडून काहीतरी सांगितलं गेलं. अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बुडाला? कधी बुडाला? मला हे माहीतच नाही. माझ्या भागात तर तो काठावर बसून होडी रंगवतोय. मेला नाही रे. चांगला जिवंत आहे. तू आधी सांग, तो पाण्यात गेला कसा?"

आणि दादा सांगू लागला. अण्णा मान हलवत ऐकत होते, मधेच अडवत होते, मग आपल्या वाट्याचं सांगत होते. मैनेने जीव ओतून वाचलेलं ते पुस्तक दोघे मिळून पार वेडंवाकडं करत होते. अण्णांनी नदीचा घाट बदलला, नावाड्याला नसलेला कुत्रा दिला. नावाड्याच्या आवाजात तर ते बोललेच नाहीत, स्वतःच्याच आवाजात बोलले. तोही खरखरीत होता, हट्टीही होता. एकदा तिच्या ओठावर आलं, अण्णा, कुत्रा नाहीये तिथे. पण ती खाली जमिनीवर बसली आणि ऐकत राहिली.